लाइलचा पट्टा

ग्रीन बे
१४ ऑगस्ट

आर्लन काका,

फोनच करणार होते. पण परवा तुमच्या गाडीचं दार आपटून निघाले, आणि फोनवरही मी काहीतरी आपटलंच असतं. म्हणून पत्र. तब्येत विचारत नाही. तुमची तब्येत छान आहे, मोहरीचा सॉस लावून दोन सॉसेज खाताना मी स्वतः पाहिलीय.

शनिवारी शिकारी क्लबच्या मैदानावर जे झालं ते तुम्हाला पुन्हा सांगायची गरज नाही, तुम्ही तिथेच होतात. पण मी लिहिणार, कारण तुम्ही ते ऐकलंच नाही असा चेहरा करून उभे होतात. वॉरन क्लेमेट हरणाच्या मोसमाआधी लोकांना झाडावर चढायच्या पद्धती दाखवत होता. सरकतं मचाण कुठे चालतं, पायऱ्यांच्या कांड्या खोडाला कशा बांधायच्या, दोरी कशी टाकायची. दोरी दाखवायला त्यानेच मला बोलावलं होतं. झाडांच्या फांद्या उतरवून पोट भरते मी, दोरीतलं मला कळतं. मी बारा फुटांवर लटकले होते आणि खाली तो चाळीस माणसांना सांगत होता, "लाइल हेगे आठवतो ना? तीस वर्षांचा अनुभव. त्या दिवशी म्हणाला, मला काय गरज, आणि पट्टा घरी ठेवून चढला, तो पडून मेला. अनुभव डोक्यात गेला की असं होतं." त्याला माहीत होतं की मी लाइलची मुलगी आहे. वर बघून ओशाळून हसलासुद्धा, जणू माझी परवानगी घेतोय!

काका, माझा बाप एकतीस वर्षं वीजमंडळात लाइनमन होता. जमिनीपासून पट्टा खांबाभोवती घालून चढायची त्यांना इतकी सवय होती की झाडावरही तसेच चढायचे. ज्या काळात तुम्ही सगळे माकडांसारखे मोकळे चढून वर गेल्यावर स्वतःला बांधायचात, त्या काळात. "लाइल झाडाशी लग्न लावतोय" म्हणून हसायचात तुम्ही सगळे. स्वयंपाकघरातला दिवा बदलताना ते आईला स्टूल धरायला लावायचे, आणि तिने हात काढला तर खाली उतरून पुन्हा चढायचे. हा माणूस पट्टा घरी विसरतो? आणि वर ऐटीत सांगतो, मला काय गरज?

सहा वर्षं हे ऐकतेय. दरवर्षी नवी पोरंटोरं तोच धडा शिकून जातात. आणि त्यांचा सख्खा थोरला भाऊ मोहरी पुसत उभा.

वॉरनला पत्र लिहा, त्याने माझ्या बापाचं नाव घेणं बंद करावं. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी येतेय. खालच्या घळीतल्या बाबांच्या ओकवर बसणार आहे. माझ्या दोरीने.

मारिट


हेगे रिज रोड
२२ ऑगस्ट

मारिट,

गाडीचा आरसा लोंबतोय. तुझी आर्डिस काकू म्हणते की पत्राची सुरुवात अशी करू नये. पण तू तब्येतीने केली नाहीस, मी आरशाने करतो.

तुझा बाप तुझ्याआधी माझा भाऊ होता, हे विसरू नकोस. लोक बोलतात. गेलेला माणूस उलट बोलायला येत नाही, म्हणून बोलतात. बोलू दे. वॉरन वाईट माणूस नाही. त्या गोष्टीमुळे चार पोरं पट्टा बांधत असतील, तर त्यात लाइलचं काय गेलं? मी वॉरनला लिहिणार नाही.

आता ती तुझी दोरी. शनिवारी तुला पाहिलं. कमरेला झोळी, पायात एक कांडी, अंगावर कड्या खुळखुळतायत, आणि बाई खोडाला टेकून अधांतरी बसल्या आहेत! बाळ पाळण्यात ठेवावं तसं. एक दोरी वर सरकव, मग कांडी वर घे, मग दुसरी दोरी सरकव. तू वीस फूट चढेपर्यंत हरीण म्हातारं होऊन मरेल. आम्ही पाठीवर मचाण घ्यायचो आणि चढायचो. पाच मिनिटांत वर. वर गेलं की बांधून घ्यायचं, झालं. त्याला पद्धत लागत नाही, हातपाय लागतात.

आणि रोज नवं झाड, रोज सगळं पाठीवर घेऊन घरी, हे तुमचं फिरतं खूळ मला कळतच नाही. सरकारी रानात मचाण ठेवू देत नाहीत म्हणून पूर्वी आम्ही खाली उतरवायचो, पण झाड एकच असायचं. तुम्ही नकाशे बघता, वारा बघता, मग हरणापेक्षा तुम्हीच जास्त हिंडता.

खालच्या ओकचा नाद सोड. ती वाट गेल्या वर्षीच्या पावसात खचलीय. माझ्या मक्याच्या बांधावर शिडीचं मचाण आहे, कठडा लावलेलं. त्यावर बस, आर्डिस तुला दुपारी गरम सूप आणून देईल. माझ्या खोपीत राहायचं तर माझ्या पद्धतीने.

आर्लन काका


ग्रीन बे
२ सप्टेंबर

आर्लन काका,

सूप! मी चौतीस वर्षांची आहे, रोज साठ फुटांवर करवत चालवते, आणि मला कठडा आणि सूप!

बरं, पद्धतींवरच बोलूया. तुम्हाला त्याच बोलायच्या आहेत असं दिसतंय, कारण बाबांबद्दल चार ओळी लिहून तुम्ही दोरीवर पान भरलंत.

तुमचं सरकतं मचाण सरळसोट, बिनफांद्यांच्या खोडावर उत्तम. रिजच्या धारेवरच्या पॉप्लरवर मी स्वतः वापरलंय. पण घळीतला ओक आठ फुटांवर फुटतो आणि मग डावीकडे कलतो. फांदीपाशी मचाण काढून पुन्हा लावायचं म्हणजे हातात वीस पौंड लोखंड आणि अंगाला बांधलेलं काहीच नाही. कांड्या बांधत गेलं तर तिथे पाच लागतात. बाबा चार न्यायचे आणि शेवटचं पाऊल फांदीवर टाकायचे. माझी एक कांडी आणि दोन दोऱ्या सगळ्या मिळून बाबांच्या डब्याएवढ्या वजनाच्या आहेत. हळू चढते, कबूल. बारा मिनिटं लागतात. पण त्या बारा मिनिटांत एक क्षणही असा नसतो की हात सुटला तर मी जमिनीवर येईन. माणसं वर बसल्यावर पडत नाहीत हो काका. चढताना आणि उतरताना पडतात. ज्या पाच मिनिटांचा तुम्हाला अभिमान आहे, त्याच पाच मिनिटांत.

हे मला शाळेत नाही शिकवलं कोणी. बाबांनी शिकवलं. म्हणून तर माझ्या डोक्यात जातंय.

आता खरं विचारते. गेल्या आठवड्यात आईकडे गेले होते. शेरीफच्या माणसाने परत दिलेल्या वस्तूंची यादी तिने जपून ठेवलीय. धनुष्य, सहा बाण, चार कांड्या, मचाण, थर्मास, टोपी, उजव्या पायाचा बूट, डाव्या पायाचा बूट. त्यांनी बूट वेगवेगळे लिहिलेत. पट्टा नाही. असं असणारच, तुम्ही त्यांना सांगितलं होतं की लाइल पट्टा घरी ठेवून आला. मग मी आईचं घर शोधलं. माळा, गॅरेज, त्यांची जुनी पेटी. नाही. घरीही नाही आणि झाडाखालीही नाही. चार बोटं रुंद चामड्याचा पट्टा, पाच-सहा पौंड वजनाचा. गेला कुठे?

आणि दुसरं. खोपीच्या दाराशी खिळा आहे. निघण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठी लिहून त्यावर टोचायची. कुठलं झाड, कसा चढणार, किती वाजता परत. आजोबांनी घालून दिलेला नियम. त्या खिळ्यावर एकोणीसशे चौसष्टपासूनच्या चिठ्ठ्या आहेत, माझ्या पहिल्या हरणाचीसुद्धा. बाबांची शेवटच्या सकाळची चिठ्ठी मी कधीच पाहिली नाही. ती लिहिल्याशिवाय ते निघणं शक्य नाही.

मला दोन्ही हवंय.

मारिट


हेगे रिज रोड
१९ सप्टेंबर

मारिट,

उशीर झाला. आर्डिसचा गुडघा आणि दुसरी गवतकापणी.

चिठ्ठीचं मला काही माहीत नाही. उंदरांनी नेली असेल, नाहीतर शेकोटीत गेली. त्या दिवशी चिठ्ठ्या कोण बघतंय.

पट्ट्याचंही तसंच. सहा वर्षं झाली. जुना माल होता तो, चामडं वाळलेलं, तुझ्या आईने लाल दोऱ्याने शिवून शिवून चालवलेला. असले पट्टे माणसाला काय धरणार? नवे घेऊन टाका म्हणून मीच सांगायचो. सापडला असता तरी त्यावर कुणी चढू नये.

ओकच्या वाटेवरची झुडपं तोडून ठेवलीत. यायचं तर ये. दोरी आण नाहीतर साखळदंड आण. माझ्याशी भांडून तुझा बाप परत येणार नाही.

ऑगस्टमध्ये तू दोऱ्यांची एक पिशवी इथेच विसरलीस. पाठवू का, सांग.

आर्लन


ग्रीन बे
२३ सप्टेंबर

काका,

लाल दोरा.

तुमचं पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. तिने लाल दोऱ्याचं वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "लाल दोऱ्याने मी तो एकदाच शिवला गं. ते खोपीवर जायला निघाले त्या शुक्रवारी दुपारी. काळा संपला होता म्हणून लाल घेतला. गाडी चालू करून दारात उभे होते, मला घाई करत होते. हसत म्हणाले, आता हरणांना लांबून दिसेन."

शुक्रवारी दुपारी शिवला. शुक्रवारी संध्याकाळी ते तुमच्या खोपीवर आले. शनिवारी सकाळी गेले. म्हणजे तुम्ही तो लाल दोरा पाहिलात तो खोपीवरच. म्हणजे पट्टा घरी नव्हता. तुम्ही शेरीफला खोटं सांगितलंत.

सहा वर्षं. माझ्या आईला सहा वर्षं वाटतंय की आपण तो पट्टा त्यांच्या हातात दिला आणि ते कुठेतरी मुद्दाम ठेवून गेले. ती मला कधी बोलली नाही, कारण नवरा वेडेपणाने गेला हे मुलीला कसं सांगायचं. आणि तुम्ही ख्रिसमसला तिच्या हातच्या लेफ्साच्या पोळ्या खाऊन येता!

मला समजूत नको, गवतकापणी नको, गुडघा नको. काय झालं ते लिहा. दोरीची पिशवी ठेवा तुमच्याकडेच.

मारिट


हेगे रिज रोड
९ ऑक्टोबर

मारिट बाळा,

हे मी लिहितेय, आर्डिस काकू. तू काय लिहिलंस मला माहीत नाही. ह्यांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, तू तुझं बघ." पंचेचाळीस वर्षांत मला कधी बाई म्हणाले नव्हते.

तुझी ती पिशवी उघडलीय. रोज सकाळी चष्मा लावून अंगणातल्या मेपलखाली बसतात, आतला छापील कागद मांडीवर घेऊन, आणि गाठी मारतात. सोडतात. पुन्हा मारतात. शिव्या देतात. मंगळवारी मी कपडे वाळत घालायला गेले तर झोळीत बसून झाडाला लटकलेले, जमिनीपासून चक्क तीन फूट! उतरता येत नव्हतं. म्हणाले, "हसलीस तर बघ." मी स्टूल आणून दिलं आणि आत जाऊन हसले. मग बाहेर पाहिलं, तर स्टुलावर बसून रडत होते.

आमच्या लग्नात रडले नाहीत, लाइल गेला तेव्हा रडले नाहीत. काय चाललंय हे? माझ्या नवऱ्याला तू काही बोलली असशील तर त्यांचंच काही चुकलं असेल, माफ कर त्यांना. आणि ते काही बोलले असतील तर मला कळव.

आर्डिस काकू


हेगे रिज रोड
१५ ऑक्टोबर

मारिट,

हे पाचवं पत्र. हे टाकूनच येणार आहे, गाडी चालू ठेवलीय.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाला होता, यंदा झाड नाही. मी कुणाला सांगितलं नाही, पण आर्डिसने लाइलला सांगितलं असणार. शनिवारी सकाळी कॉफी पिताना तो म्हणाला, "तू शिडीच्या मचाणावर बस." मी म्हणालो, "शिडीवर बायका बसतात." तो म्हणाला, "मग माझा पट्टा घाल." मी म्हणालो, मी काय वासरू आहे का दावणीला बांधायला. तो दारात आडवा उभा राहिला. तुला माहीत आहे तो कसा उभा राहायचा. म्हणाला, "घालशील तर जाशील. नाहीतर दोघंही आज पत्ते खेळू." मी चिडून घातला. शिव्या देत घातला. कमरेला आवळत होता. तो लाल दोरा माझ्या पोटावर होता.

मी म्हणालो, "आणि तू?" तर म्हणाला, "मी तीस वर्षं चढतोय. एक दिवस जपून चढेन."

म्हणजे वॉरनच्या गोष्टीतला तो 'तीस वर्षं' शब्द माझ्याकडूनच गेला. शेरीफच्या माणसाला मीच तो शब्द सांगितला, फक्त उलटा करून.

तो घळीत ओककडे गेला, मी रिजवर. दंव गोठलं होतं. मचाणाची दांडी काचेसारखी झाली होती. पंधरा फुटांवर माझा चांगला पाय सटकला. दोन्ही हात सुटले. पट्टा खोडाला घट्ट बसला आणि मी तिथेच राहिलो. गाल सोलला, बाकी काही नाही. मारिट, मी हसलो. एकटाच मोठ्याने हसलो, सगळी हरणं पळाली असतील. शिकार सोडून खाली उतरलो आणि घळीकडे निघालो. त्याला सांगायचं होतं की लेका, तुझं खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते म्हणायला मी चाललो होतो. वाटेत मी शब्द जुळवत होतो.

तो झाडाखाली होता. तिसरी कांडी पांढरी झाली होती गोठलेल्या दंवाने, तिच्यावर बुटाचा ओरखडा होता.

फोन लागत नाही तिथे. गाडीने रिजवर जावं लागतं. मी आधी खोपीवर आलो. चिठ्ठी खिळ्यावर होती. ती काढून खिशात घातली. कमरेचा पट्टा सोडून सीटखाली घातला. मगच फोन केला. का केलं ते मला विचारू नकोस, मी सहा वर्षं स्वतःला विचारतोय. मला वाटलं, लोक म्हणतील की थोरल्याने धाकट्याचा पट्टा घेतला. तुझी आई म्हणेल. तोंडातून निघालं, "घरी विसरला तो." आणि मग दरवर्षी ते वाक्य वॉरनच्या तोंडून मोठं होत गेलं आणि माझं तोंड बंद होत गेलं.

तुझ्या दोरीचा मला राग नव्हता. तू त्या झाडावर जमिनीपासून बांधून चढणार, हे मला बघवणार नव्हतं.

चिठ्ठी सोबत आहे. माझ्या पाकिटात होती. घड्यांवर फाटलीय.

आर्लन

(चिठ्ठी)
शनि. ४ नोव्हें.
झाड: ओक, घळ. चढण: ४ कांड्या. परत: ११.
आर्लनचा गुडघा बरा नाही. माझा पट्टा त्याला दिलाय. कुरकुरला. पण घातला.
लाइल


ग्रीन बे
२० ऑक्टोबर

आर्लन काका,

चिठ्ठी परत पाठवतेय. नीट वाचा, मग सांगते का.

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं नाही. मी उठून कामावर गेले आणि एक अख्खं मेलेलं झाड एकटीने उतरवलं. माझ्या साहेबाने विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, माझे काका." तो घाबरून निघून गेला.

मला राग पट्ट्याचा नाहीच. पट्टा त्यांनी दिला. दारात आडवे उभे राहून दिला. तुम्ही नाही म्हणाला असतात तर त्यांनी तुम्हाला बांधून घातला असता. तुम्ही घातलात म्हणून आज तुम्ही आहात, आणि तुम्ही असावं हेच त्यांना हवं होतं. त्यात तुमचा गुन्हा कुठे आहे? हे तुम्ही त्या दिवशी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात येऊन सांगितलं असतंत, तर ती तुमच्या गळ्यात पडून रडली असती. मीसुद्धा.

पण तुम्ही त्यांचं सगळ्यात चांगलं कृत्य चोरलंत. शेवटचं कृत्य. आणि त्याच्या जागी मूर्खपणा ठेवलात. गावात एकच माणूस होता जो जमिनीपासून बांधून चढायचा, आणि आज गावातली पोरं त्याचं नाव ऐकून म्हणतात, तो का, ज्याने पट्टा बांधला नाही तो. याला मी माफ करू शकत नाही. आज तरी नाही. माफी मागूही नका, कारण मागितलीत तर द्यावी लागेल आणि मी चिडेन.

आईला मी सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, ते पट्टा विसरणारे नव्हते." मग म्हणाली, "आर्लन जेवतोय ना?" ती अशीच आहे. मी तशी नाही.

एकट्या माझ्याकडे दिलेली कबुली पुरेशी नाही. अठ्ठावीस तारखेला फायर स्टेशनच्या हॉलमध्ये मोसमाचं जेवण आहे. वॉरन दरवर्षी तिथे उभा राहून नियम वाचतो आणि मग बाबांची गोष्ट सांगतो. त्याने तोंड उघडायच्या आत तुम्ही उभे राहा. ही चिठ्ठी वाचा. आणि मग ती खिळ्यावर लावा, जिथून काढलीत तिथे.

मी येणार नाही जेवणाला. माझ्यासमोर बोललात तर लोक म्हणतील की पोरीने बोलायला लावलं. तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना.

मारिट


हेगे रिज रोड
३० ऑक्टोबर

मारिट,

केलं.

वॉरन नियम वाचून संपवत होता. मी उभा राहिलो तर त्याला वाटलं की मला कॉफी हवीय. म्हणाला, "आर्लन, भांडं मागे आहे." मी म्हणालो, "वॉरन, खाली बस." साठ माणसं होती. मी चष्मा विसरलो होतो. चिठ्ठी मला पाठ होतीच, पण मी हातात धरून वाचल्यासारखं केलं, कारण ती त्याची होती, माझी नाही.

मग बाकीचं सांगितलं. सीटखालचा पट्टा, सगळं. पट्टा नेला होता सोबत. टेबलावर ठेवला, हॅमच्या ताटाशेजारी.

मग वॉरन उठला. लालबुंद झाला होता. म्हणाला, "सहा वर्षं तू मला खोटं बोलायला लावलंस. पोरांसमोर. मेलेल्या माणसाच्या पोरीसमोर. मी तिच्याकडे बघून हसलो, आर्लन!" आणि टोपी घालून निघून गेला. मारला असता तर बरं वाटलं असतं. पुढच्या टेबलावर हारोल्ड बसला होता, लाइलबरोबर खांबांवर काम केलेला, नव्वदीला टेकलेला. तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं. तो पट्टा काढून झोपायचासुद्धा नाही." मग तो पट्टा त्याने हातात घेतला, लाल टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि शेजारच्याला दिला. तसा तो हॉलभर फिरला, एकेका हातातून. माझ्याकडे परत आला तेव्हा हॅम गार झालं होतं.

दोघे जण माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. आर्डिस बोलते, पण बशा आपटत. तुम्हा बायकांना आपटायला कोण शिकवतं कोण जाणे.

पट्टा तुझा आहे. तुझ्या त्या छापील कागदात लिहिलंय की जुना पट्टा कापून टाकावा, म्हणजे कुणी चुकून त्यावर भरवसा ठेवणार नाही. मी कात्री घेऊन तीनदा बसलो. मला जमत नाही. तू आलीस की तू काप.

माफी मागत नाही. तू नको म्हणालीस म्हणून.

आर्लन काका


(खोपीच्या दाराशी, खिळ्यावर, सगळ्यात वर तीन चिठ्ठ्या. खालची घड्यांवर फाटलेली, मागून टेप लावलेली. तिच्यावर या दोन.)

शनि. ४ नोव्हें.
झाड: ओक, घळ. चढण: एक कांडी, दोन दोऱ्या, जमिनीपासून. परत: ११.
पट्टा कापला नाही. इथेच खिळ्याला टांगलाय. याच्यावर कुणी चढायचं नाही, फक्त बघायचं.
काका, अजून राग आहे. कॉफी उकळून ठेवलीय.
मारिट

शनि. ४ नोव्हें.
झाड: रिजवरचं, तेच. चढण: मारिटची दोरी, जमिनीपासून. दहा फूटच जाणार. परत: ११, आधी घळीकडे जाऊन तिला घेऊन.
दोरी तिने स्वतः बांधून दिली, दोनदा तपासली. दारात आडवी उभी होती.
कुरकुरलो. पण घातली.
आर्लन